घेतलेले घर : ठेवावे की बदलावे?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. आज स्वतः घर बांधणारे थोडे आणि बांधलेल्या इमारतीत सदनिका घेणारे पुष्कळ, असे चित्र शहरांतून दिसते. घर उभे करताना होणारी दमछाक म्हणीने सांगितली आहे. पण वास्तुशांत उरकून पाहुणे परतल्यावर काही कुटुंबांना एक निराळीच रुखरुख लागते. घर घेण्यात आपली चूक तर झाली नाही ना, आणि झाली असेल तर ते लवकर विकून दुसरीकडे जावे की काय, हा प्रश्न जेवणाच्या पानावर आणि रात्रीच्या झोपेत सारखा डोकावू लागतो. घरासाठी भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढलेली असते, प्रसंगी दागिने मोडलेले असतात आणि पुढील वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर असतात. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर घाईने किंवा रागाने देणे परवडणारे नसते. पनवेल परिसरात असा विचार करणाऱ्या कुटुंबांना उपयोगी पडतील अशा काही गोष्टींची येथे चर्चा केली आहे.

पनवेलचे वाढते रूप

पनवेल हे जुने व्यापारी गाव. तेथील नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. मुंबईच्या पूर्वेला खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली. पुढे १९७० साली शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजेच सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जमीन या योजनेत समाविष्ट करण्यात आली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजे या वसाहती यातूनच आकारास आल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी या वसाहती, जुने पनवेल शहर आणि २९ गावे मिळून पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. रायगड जिल्ह्यातील ही पहिली महानगरपालिका होय.

मुंबईतील जागेचे दर ज्यांच्या आवाक्याबाहेर गेले, अशी असंख्य कुटुंबे गेल्या चार दशकांत या परिसरात आली. येथे घर घेणारा केवळ चार भिंती विकत घेत नाही. उद्या येणारा रस्ता, परवा येणारी रेल्वे, पुढे होणारे विमानतळ या सर्वांच्या आशेपोटी तो पैसे मोजत असतो. या आशा खोट्या ठरल्या असे म्हणता येणार नाही. त्यांना वेळ मात्र लागला. ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पूल १९७३ साली वाहतुकीस खुला झाला, पण मानखुर्दहून वाशीला उपनगरी गाडी पोहोचली ती १९९२ साली, आणि पनवेलला १९९८ साली. या वसाहतींत आधी आलेल्या कुटुंबांनी तोवर एसटी आणि बसगाड्यांवरच भिस्त ठेवली.

अलीकडची उदाहरणेही हेच सांगतात. बेलापूर ते पेंधर या मेट्रो मार्गाची पायाभरणी १ मे २०११ रोजी झाली. खारघर आणि तळोजे भागातून जाणारा हा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मान्यता २००७ साली मिळाली, कोनशिला १८ फेब्रुवारी २०१८ रोजी बसली, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. शिवडी ते न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. घोषणेपासून पूर्ततेपर्यंत दहा, बारा, अठरा वर्षे, असा हा हिशेब आहे. मुलगा पहिलीत असताना ऐकलेली घोषणा तो महाविद्यालयात गेल्यावर प्रत्यक्षात उतरते. घर घेताना हा काळ बहुधा लक्षात घेतला जात नाही आणि पुढील नाराजीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.

नाराजीचे कारण कोणते?

घराविषयीची तक्रार सांगताना माणसे सहसा सगळी कारणे एकत्र करतात. पाणी कमी दाबाने येते, स्थानक लांब आहे, शेजार परका आहे, किंमत जास्त दिली गेली, भिंतीला ओल येते, अशी यादी वाढत जाते आणि शेवटी ‘हे घरच नको’ असा निष्कर्ष निघतो. वास्तविक ही कारणे एका जातीची नसतात. कागद घेऊन त्यांची वर्गवारी केली तर निम्मे कोडे सुटते.

पहिल्या वर्गात काळाबरोबर दूर होणारी कारणे येतात. अपुरे रस्ते, रिकाम्या दुकानांच्या रांगा, दूरची शाळा, न रुळलेला शेजार ही नव्या वसाहतीची बालपणाची दुखणी आहेत. आज गजबजलेल्या नवीन पनवेल किंवा कामोठे येथील जुन्या रहिवाशांना तेथील ओसाड संध्याकाळी अजून आठवत असतील. शेजाराची नाराजी तर दोन गणेशोत्सवांत विरून जाते.

दुसऱ्या वर्गात प्रयत्नाने दूर होणारी कारणे येतात. गळती, उद्‌वाहनातील बिघाड, संस्थेचा ढिसाळ कारभार, पाणी साठविण्याची अपुरी सोय यांवर सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मार्ग निघू शकतो. विकासकाने राखलेल्या उणिवाही याच वर्गात मोडतात.

तिसऱ्या वर्गातील कारणे मात्र काळानेही जात नाहीत आणि प्रयत्नानेही नाहीत. कामाचे ठिकाण दूर असणे, इमारत सखल भागात असणे, वृद्ध आईवडिलांना जिना न चढवणे, कुटुंब वाढल्याने जागा अपुरी पडणे, हप्ता पगाराला न पेलणे ही ती कारणे. पनवेलजवळून गाढी नदी वाहते आणि कळंबोलीसारखा भाग सखल आहे. पाणी साचू नये म्हणून सिडकोने या भागात धारण तलावांची योजना केली आहे. तरीही मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली म्हणजे पाण्याचा निचरा मंदावतो. ज्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरते, ते घर दहा वर्षांनीही सखल भागातच राहणार.

घर बदलण्याचा विचार या तिसऱ्या वर्गातील कारणांसाठीच करणे युक्त ठरते. पहिल्या वर्गासाठी घर सोडणे म्हणजे फळ धरण्याच्या वेळी झाड तोडणे होय. दुसऱ्या वर्गासाठी घर सोडणाऱ्याला तशाच तक्रारी नव्या जागीही भेटण्याचा संभव असतो.

दोष विकासकाचा असेल तर

विक्रीचा विचार करण्यापूर्वी कायद्याने दिलेले संरक्षण तपासून पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्रात सदनिकांच्या व्यवहारांसाठी १९६३ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. त्यानंतर २०१६ साली केंद्राचा स्थावर संपदा कायदा आला आणि मे २०१७ पासून राज्यात महारेरा हे प्राधिकरण काम करू लागले. या कायद्यानुसार विक्री करारनामा नोंदविण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते.

ठरलेल्या तारखेस ताबा मिळाला नाही, तर ग्राहकाला दोन मार्ग मोकळे असतात. प्रकल्पातून बाहेर पडून रक्कम व्याजासह परत मागता येते, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज मागता येते. जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून घर घेतल्याने नुकसान झाले असेल, तर त्याची भरपाई मागण्याची तरतूदही आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळल्यास आणि तो विकासकाच्या नजरेस आणून दिल्यास, त्याने तीस दिवसांत तो स्वखर्चाने दूर करावयाचा असतो. मात्र ताबा घेऊन राहू लागल्यावर केवळ मन बदलले म्हणून पैसे परत मिळत नाहीत. यास्तव करारनामा, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि ताबापत्र यांच्या प्रती जपून ठेवाव्यात व तक्रार लेखी करून तिची पोच घ्यावी.

घर बदलण्याचा खरा खर्च

घर विकून दुसरे घेणे म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे घालणे, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्ष हिशेब मांडला म्हणजे तो दूर होतो.

समजा, एका कुटुंबाने ५० लाख रुपयांस सदनिका घेतली. त्यापैकी ४० लाख रुपये नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ घेतले. मासिक हप्ता सुमारे ३५,९९० रुपये येईल. तीन वर्षांत हे कुटुंब जवळजवळ १२ लाख ९६ हजार रुपये भरेल. पण त्यातील मुद्दल फक्त २ लाख ४६ हजारांच्या आसपास फिटलेले असेल. उरलेली सुमारे साडेदहा लाखांची रक्कम व्याजापोटी गेलेली असेल. प्रारंभीच्या वर्षांतील हप्ता मुख्यतः व्याजाचा असतो. त्यामुळे तीन वर्षांनी घर विकले तरी ३७ लाख ५० हजारांहून अधिक कर्ज अद्याप शिल्लक असते.

आता दुसरे घरही ५० लाखांचेच घ्यावयाचे ठरले असे धरू. मुद्रांक शुल्क सात टक्के धरल्यास साडेतीन लाख रुपये होते. नोंदणी फी एक टक्का, परंतु तिची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आहे. जुने घर विकताना आणि नवे घेताना मध्यस्थाला प्रत्येकी एक टक्का दिला तर आणखी एक लाख रुपये लागतील. महानगरपालिका क्षेत्रात गृहनिर्माण संस्थेला द्यावयाचे हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये असू शकते. देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक रक्कम मागता येत नाही. अशा रीतीने बेरीज पाच लाख पाच हजार रुपयांवर जाते. वकिलाची फी, कर्ज मंजुरीचा खर्च, सामान हलविणे, पडदे आणि कपाटे यांचा खर्च वेगळाच. तीन वर्षांत जेवढे मुद्दल फेडले, त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम नुसत्या स्थलांतरात खर्ची पडते. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते, एवढाच काय तो दिलासा. कर्जाचा व्याजदर बदलता असेल तर मुदतीपूर्वी फेड केल्याबद्दल वैयक्तिक कर्जदारास दंड पडत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या घराच्या वेळी भरलेले मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात धरलेली नाही, कारण कुटुंब राहिले काय आणि गेले काय, ती रक्कम आता परत येणार नाही. किंमत जास्त दिली गेली हे दुःखही याच जातीचे. गेलेल्या पैशाला कवटाळून नावडत्या घरात राहणे जितके चुकीचे, तितकेच चुकीचे तो पैसा भरून काढण्याच्या ईर्षेने दुसरा घाईचा व्यवहार करणे होय. विचार करावयाचा तो येथून पुढच्या खर्चाचा आणि पुढच्या सुखाचा.

वेळेचे मोल

खर्चाचा आकडा पाहून लगेच घाबरून जाण्याचेही कारण नाही. पनवेलहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत उपनगरी गाडीला साधारण ऐंशी मिनिटे लागतात. घरापासून स्थानकापर्यंत आणि पुढे कचेरीपर्यंत वीस-वीस मिनिटे धरली तर जाण्यायेण्यात रोजचे चार तास जातात. महिन्याला पंचवीस दिवस कामाचे मानल्यास हे शंभर तास होतात. नव्या घरामुळे हा वेळ निम्मा झाला तर वर्षाला सहाशे तास वाचतात.

नव्या घरात दहा वर्षे राहावयाचे असेल, तर स्थलांतराचा पाच लाखांचा खर्च वर्षाला पन्नास हजार पडतो. म्हणजे वाचलेल्या एका तासाची किंमत सुमारे ८३ रुपये होते. तोच मुक्काम तीन वर्षांत हलवावा लागला तर तासाची किंमत २८० रुपयांच्या घरात जाते. यावरून असे दिसते की, नव्या ठिकाणी किती काळ राहणे होणार आहे, यावर सारे अवलंबून आहे. अर्थात कामाच्या जवळ त्याच किमतीत मिळणारे घर लहान असणार. दोन खोल्या कमी करून मिळविलेले दोन तास कुटुंबाला हवे आहेत का, याचे उत्तर घरातील प्रत्येकाचे वेगळे असू शकते. रोज गाडीला लोंबकळणाऱ्याचे मत जसे विचारात घ्यावयाचे, तसेच दिवसभर घर सांभाळणाऱ्या गृहिणीचे, शाळेत मैत्री जमलेल्या मुलांचे आणि बागेत सोबती मिळालेल्या आजोबांचेही घ्यावयास हवे.

दोन वर्षे आणि पाच वर्षे

विक्रीच्या वेळेशी आयकराचे नियम निगडित आहेत. घर घेतल्यापासून चोवीस महिन्यांच्या आत विकून नफा झाला, तर तो अल्पमुदतीचा मानून नेहमीच्या उत्पन्नात मिळविला जातो. त्यानंतर होणारा नफा दीर्घमुदतीचा ठरतो व त्यावर साडेबारा टक्के दराने कर बसतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्के दराचा पर्यायही ठेवण्यात आला आहे. दीर्घमुदतीच्या नफ्यातून विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांनंतरपर्यंत दुसरे राहते घर घेतल्यास, अथवा तीन वर्षांत बांधल्यास, विहित मर्यादेत करातून सूट मिळते.

दुसरी तरतूद अनेकांच्या लक्षात येत नाही. कर्जाच्या मुद्दलावर व मुद्रांक शुल्कावर ज्यांनी आयकरात वजावट घेतली आहे, त्यांनी ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकल्यास, पूर्वी घेतलेली ती वजावट विक्रीच्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. पाच वर्षे पूर्ण होण्यास काही महिनेच उरले असतील तर तेवढे थांबणे शहाणपणाचे. सिडकोच्या योजनेतून मिळालेले घर असल्यास वाटपपत्रातील विक्रीविषयक अटी आधी वाचाव्यात. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याने दिलेली असते. हस्तांतरणासाठी तिचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्यासाठी आकारही भरावा लागतो.

मधला मार्ग

ठेवणे आणि विकणे यांच्यामध्ये आणखी एक वाट आहे. आपले घर भाड्याने देऊन कामाच्या ठिकाणाजवळ स्वतः भाड्याने राहून पाहता येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ अन्वये अनुज्ञा व अनुज्ञप्तीचा करार, ज्याला व्यवहारात ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतात, लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे. घर भाड्याने दिल्याबद्दल संस्थेला बिनभोगवटा शुल्क आकारता येते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. मिळणारे भाडे आणि द्यावे लागणारे भाडे यांतील फरक ही या प्रयोगाची किंमत. पाच लाखांच्या तुलनेत अकरा महिन्यांचा हा खर्च बहुधा पुष्कळ कमी भरतो आणि चूक झाल्यास परतण्याची वाट मोकळी राहते. नवी जागा खरोखर मानवते की दुरून डोंगर साजरे होते, हेही याच काळात कळते.

काही परिस्थितीत मात्र वाट पाहणे हितावह नाही. हप्ता भरण्यासाठी दुसरे कर्ज काढावे लागत असेल, जागेच्या मालकी हक्कात दोष आढळला असेल, किंवा घरातील आजारी माणसाला ती जागा अपायकारक ठरत असेल, तर विलंबाने नुकसान वाढतच जाते. अशा वेळी बँकेशी बोलून मुदत वाढवून मिळते का ते पाहावे, मालकी हक्काबाबत वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि विक्री करावयाची ठरल्यास थकबाकी होण्यापूर्वीच करावी. थकबाकीदाराच्या घराला चांगला भाव मागणे कठीण जाते.

‘विमानतळ झाले, आता भाव चढतील’ एवढ्याच आशेवर नको असलेले घर धरून ठेवणेही तपासून पाहावे. येणाऱ्या सोयीचे मोल किमतीत बरेच आधी मिसळलेले असते. आजच्या घरमालकाने ते घेतानाच मोजलेले असते. पुढे भाव वाढतीलही, पण राहण्याची गैरसोय ही त्या आशेची दररोजची किंमत आहे, हे विसरता कामा नये.

एकंदरीत, नव्या घरात पहिला पावसाळा, पहिला उन्हाळा आणि मुलांचे एक शालेय वर्ष जाऊ द्यावे. या काळात पाणी, वाहतूक, शेजार आणि खर्च या चारही बाबींची परीक्षा होते. त्यानंतर तक्रारींची वर्गवारी करून, हिशेब कागदावर मांडून आणि घरातील सर्वांचे ऐकून निर्णय घ्यावा. वर्षानंतरही यादीत तिसऱ्या वर्गातील कारण ठळकपणे उरले, तर घर बदलण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. घर माणसांसाठी असते. यादीतील बहुतेक कारणे तोवर खोडली गेली असतील, तर पाच लाख रुपये वाचले आणि घरही आपले झाले.